अस्सल कागद आणि त्याची साक्ष : लिओपोल्ड फॉन रांके यांचें संशोधनकार्य

एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावरून रुमाल उतरला, त्यांतील कागद झाडून पुसून उलगडले, आणि कागद, शाई, वळण व शिक्के हीं सर्व त्या त्या काळचीं ठरलीं, म्हणजे संग्राहकाचें अर्धें समाधान होतें. परंतु इतिहासाचें काम तेथून पुढें सुरू होतें. कागद अस्सल आहे एवढ्यानें त्यांतील मजकूर खरा ठरत नाहीं. आणि तो नक्कल आहे एवढ्यानें खोटाहि ठरत नाहीं. लिहिणारास ती हकीकत कोठून कळली, हें विचारल्यावांचून कागदाची साक्ष पुरी होत नाहीं. हा प्रश्न युरोपांत ज्यांनीं मोठ्या हट्टानें विचारला, आणि विद्यापीठांतील इतिहासाध्यापनाचा तो पाया करून ठेवला, ते जर्मन इतिहासकार लिओपोल्ड फॉन रांके होत. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकापर्यंतचा युरोप हें त्यांचें मुख्य क्षेत्र. त्यांच्या साठ वर्षांच्या उद्योगाची हकीकत येथें देण्याचा आमचा हेतु दुहेरी आहे. कागद कसा तपासावा हें तींत दिसतें. आणि कोणतें दप्तर कोणत्या वेळीं उघडें होतें व कोणतें बंद होतें, यावर उत्तम संशोधकाचा निर्णयहि किती अवलंबून असतो, हेंहि तींत दिसतें.

रांके यांचा जन्म ता. २१ डिसेंबर १७९५ रोजीं थुरिंगिया प्रांतांतील वीहे या लहान गांवीं झाला. घराणें लूथरपंथी धर्मोपदेशकांचें. वडील मात्र वकिली करीत. शुल्पफोर्टा येथील नामांकित शाळेंत ग्रीक व लॅटिन भाषांचा पाया पक्का करून ते १८१४ सालीं लाइप्त्सिग विद्यापीठांत गेले. तेथें त्यांचे विषय धर्मशास्त्र व भाषाशास्त्र हे होते, इतिहास नव्हता. गोटफ्रीड हेर्मान या पंडिताजवळ ते प्राचीन ग्रंथांचा पाठ शब्दशः तपासण्याची विद्या शिकले. पोथीपोथींतील पाठभेद लावून मूळचा पाठ कोणता व मागाहून घुसलेला कोणता हें ठरविणें, एका ग्रंथकारानें दुसऱ्याचें किती घेतलें तें शोधणें, हें त्या विद्येचें स्वरूप. नीबुर यांनीं हीच दृष्टि रोमच्या इतिहासास लावली होती, व त्यांचा ग्रंथ रांके यांच्या वाचनांत आला होता. पुढें रांके यांनीं जें केलें तें थोडक्यांत सांगावयाचें तर एवढेंच कीं, प्राचीन पोथ्यांकरितां तयार झालेली ही कसोटी त्यांनीं अर्वाचीन काळच्या इतिहासग्रंथांस लावली.

१८१८ सालीं ओडर नदीवरील फ्रांकफुर्ट येथील विद्यालयांत त्यांस शिक्षकाची जागा मिळाली, व तेथें त्यांनीं सात वर्षें काढिलीं. शिकवण्यासाठीं इतिहास वाचावा लागला आणि वाचतां वाचतां तोच विषय झाला. या सुमाराची एक गोष्ट त्यांनींच उतारवयांत सांगून ठेवली आहे. वॉल्टर स्कॉट याच्या ‘क्वेंटिन डरवर्ड’ या कादंबरींत फ्रान्सचा राजा अकरावा लुई व बर्गंडीचा चार्ल्स यांचीं चित्रें आहेत. तीं त्यांनीं त्या काळच्या कोमीन याच्या वृत्तान्ताशीं ताडून पाहिलीं, तेव्हां दोन्हींचा मेळ बसेना. कादंबरीकारानें जाणून बुजून फेरफार केला याचा त्यांस राग आला. आणि मूळ वृत्तान्तांतील सत्यच कल्पिताहून अधिक सुंदर आहे असें त्यांच्या मनानें घेतलें. आपल्या लेखनांत कल्पिताचा शिरकाव होऊं द्यावयाचा नाहीं, हा निश्चय तेव्हांचा.

१८२४ सालीं त्यांचा पहिला ग्रंथ बाहेर पडला. रोमान्स व जर्मन वंशांच्या राष्ट्रांचा १४९४ पासून १५१४ पर्यंतचा इतिहास त्यांत आहे. गतकालाचा न्याय करण्याचा व भविष्यासाठीं उपदेश करण्याचा अधिकार आपण घेत नाहीं, गोष्टी वस्तुतः कशा घडल्या एवढेंच दाखवावयाचें आहे, या आशयाचें त्याच्या प्रस्तावनेंतील वाक्य पुढें जगप्रसिद्ध झालें. परंतु विद्वानांत खळबळ उडाली ती या वाक्यानें नव्हे, तर ग्रंथाबरोबर जोडलेल्या परिशिष्टवजा पुस्तकानें. त्यांत रांके यांनीं आपल्या आधारभूत ग्रंथकारांचीच तपासणी केली होती, आणि त्यांत मुख्य आरोपी होता फ्लॉरेन्सचा फ्रान्चेस्को गुइच्चार्दिनी.

गुइच्चार्दिनी (१४८३–१५४०) हा स्वतः मुत्सद्दी. पोपच्या पदरीं मोठमोठ्या अधिकारांवर राहिलेला. त्यानें आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत लिहिलेला ‘इटलीचा इतिहास’ त्याच्या मरणानंतर १५६१ सालीं छापला गेला, व पुढें अडीच शतकें तो समकालीन साक्षीदाराचा ग्रंथ म्हणून निःशंकपणें मानला गेला. रांके यांनीं त्याचा परिच्छेद न् परिच्छेद इतर ग्रंथांशीं ताडला. तेव्हां कित्येक ठिकाणीं त्यानें गालेआत्सो कापेल्ला याच्यासारख्या छापील ग्रंथकारांचा मजकूर उचलला आहे असें दिसून आलें. तहांचीं कलमें मूळ तहनाम्यांशीं जुळेनात. आणि दरबारांतील मोठमोठीं भाषणें तर प्राचीन रोमन इतिहासकारांच्या धर्तीवर रचलेलीं निघालीं. ग्रंथकार मोठा, काळ समकालीन, अधिकार निर्विवाद. तरीहि त्याच्या ग्रंथाचा बराच भाग दुसऱ्याच्या तोंडचा, असा निर्णय रांके यांनीं दिला.

या तपासणींत त्यांनीं वापरलेले प्रश्न अगदीं साधे आहेत, व ते आपल्या संग्राहकांसहि उपयोगीं पडण्याजोगे आहेत. लेखक त्या प्रसंगीं हजर होता काय? नसल्यास त्यास बातमी कोणी दिली? प्रसंग व लेखन यांत किती काळ लोटला? लेखन कोणासाठीं झालें, व त्यांत कोणाचा लाभ होता? दोन ग्रंथ एकच गोष्ट सांगतात तेव्हां ते दोन स्वतंत्र साक्षीदार आहेत, कीं एकानें दुसऱ्याचें उतरून घेतलें आहे? या शेवटच्या प्रश्नाचें महत्त्व फार आहे. एकाच बखरीच्या दहा नकला मिळाल्या म्हणून दहा साक्षी होत नाहींत. साक्ष एकच राहते.

या ग्रंथाच्या बळावर १८२५ सालीं रांके यांस बर्लिन विद्यापीठांत प्राध्यापकाची जागा मिळाली. ती पदवी दुय्यम दर्जाची होती, व पूर्ण प्राध्यापकपद १८३४ सालीं आलें; परंतु बर्लिनचा खरा लाभ तेथील राजकीय ग्रंथालयाचा झाला. तेथें इटालियन हस्तलिखितांचे सुमारें पन्नास मोठे खंड पडून होते. योहानेस फॉन म्युलर यांनीं पूर्वीं त्यांकडे बोट दाखविलें होतें, परंतु इतिहासकारांनीं ते म्हणण्यासारखे उपयोगांत आणिले नव्हते. त्यांत मुख्य भरणा व्हेनिसच्या वकिलांच्या निवेदनांचा होता.

हीं निवेदनें म्हणजे काय, हें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे. व्हेनिस हें व्यापारावर जगणारें राज्य. परदरबारची खडान्‌खडा बातमी हें त्याचें अर्धें बळ. परदेशीं गेलेल्या वकिलानें परत आल्यावर आपली हकीकत सरकारास सादर करावी असा नियम तेथें तेराव्या शतकापासून होता. सोळाव्या शतकांत या निवेदनास ठराविक रूप आलें होतें. ज्या दरबारीं वकील राहिला तेथील राजाचा स्वभाव, त्याचे मंत्री, वसूल, फौज, आरमार, प्रजेची स्थिति, इतर राजांशीं स्नेह व वैर, हें सर्व तो सेनेटपुढें वाचून दाखवी व लेख दप्तरखान्यांत ठेवला जाई. कायद्यानें तो गुप्त. परंतु व्यवहारांत त्याच्या नकला बाहेर पडत, विकल्या जात व संग्राहकांच्या कपाटांत जाऊन बसत. बर्लिनचे खंड अशाच नकलांचे होते. पुण्याच्या दरबारास ठिकठिकाणच्या वकिलांकडून येणारीं पत्रें ज्यांनीं वाचलीं आहेत, त्यांस या साधनाची किंमत निराळी सांगावयास नको. भेद एवढाच कीं, पत्र हें प्रसंगाबरोबर लिहिलेलें असतें. निवेदन हें वकिलात संपल्यावर, मागें वळून पाहून, सजवून लिहिलेलें असतें. हा भेद पुढें महत्त्वाचा ठरणार आहे.

या साधनांवरून १८२७ सालीं रांके यांनीं तुर्की साम्राज्य व स्पेनचें राज्य यांवर आपला दुसरा ग्रंथ प्रसिद्ध केला, व त्याच वर्षीं सरकारी रजा घेऊन ते दप्तरें पाहण्यास निघाले. हा प्रवास १८३१ पर्यंत चालला. प्रथम व्हिएन्ना. व्हेनिसचें प्रजासत्ताक १७९७ सालीं बुडालें, व पुढें ऑस्ट्रियाच्या अमलांत तेथील राजकारणी कागदांचा मोठा भाग व्हिएन्नास नेण्यांत आला होता. त्यांतील पुष्कळसा १८६८ सालीं परत गेला. परंतु रांके यांच्या वेळीं तो व्हिएन्नास होता. फ्रीड्रिख फॉन गेन्त्स यांच्या ओळखीनें त्यांस प्रधान मेटरनिख यांची परवानगी मिळाली व दप्तर उघडलें. येथेंच वूक काराजिच या सर्बियन विद्वानाशीं त्यांची गांठ पडली, व त्यानें पुरविलेल्या माहितीवरून सर्बियाच्या क्रांतीवरील त्यांचें पुस्तक १८२९ सालीं निघालें.

व्हिएन्नाहून ते व्हेनिस, फ्लॉरेन्स व रोम येथें गेले. रोममध्यें मात्र पोपच्या दप्तराचा दरवाजा त्यांस बंद राहिला. प्रॉटेस्टंट संशोधकानें पोपांचा इतिहास लिहावा हें तेथील अधिकाऱ्यांस मानवण्यासारखें नव्हतें. तेव्हां रांके यांनीं दुसरा मार्ग धरला. ज्या ज्या घराण्यांत पूर्वीं पोप झाले होते त्यांच्या वाड्यांत त्या त्या कारकीर्दीचे सरकारी कागद जाऊन पडले होते, कारण अधिकाऱ्याचा कागद तो त्याच्या घराचा असें तेथें मानण्याची चाल होती. बार्बेरीनी, कोर्सीनी इत्यादि घराण्यांचे खासगी संग्रह त्यांस पाहावयास मिळाले. आणि सरकारी दप्तरानें जें नाकारलें त्यांतील बराच भाग घरगुती दप्तरांनीं दिला. आपल्याकडेहि सरदार व कारकुनांच्या घरून राज्याचे कागद निघतात. तेव्हां या गोष्टीचें आमच्या वाचकांस नवल वाटूं नये. सोळाव्या व सतराव्या शतकांतील पोपांचा इतिहास १८३४ ते १८३६ या काळांत तीन खंडांत प्रसिद्ध झाला. सेरा ऑस्टिन यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर १८४० सालीं निघालें व त्यावर मेकॉले यानें प्रसिद्ध निबंध लिहिला. रोमनें १८४१ सालीं हा ग्रंथ निषिद्ध ग्रंथांच्या यादींत घातला.

यापुढें त्यांनीं स्वदेशाच्या इतिहासाकडे मोर्चा वळविला. १८३६ सालीं माइन नदीवरील फ्रांकफुर्ट शहराच्या दप्तरांत त्यांस साम्राज्यसभांच्या कागदांचे १४१४ पासून १६१३ पर्यंतचे ९६ मोठे खंड आढळले. शहरानें सभेस पाठविलेल्या प्रतिनिधींचीं पत्रें व सभेंतील कामकाजाचे लेख त्यांत होते. तेथून वायमार, ड्रेस्डेन, ब्रसेल्स अशीं दप्तरें धुंडाळून त्यांनीं धर्मसुधारणेच्या काळचा जर्मनीचा इतिहास सहा खंडांत लिहिला (१८३९–४७). पुढें प्रशिया, फ्रान्स व इंग्लंड यांचे इतिहास निघाले. त्यांच्या समग्र ग्रंथांची आवृत्ति ५४ खंडांची आहे. फ्रांकफुर्टच्या त्या खंडांचें फळ एका ग्रंथापुरतें राहिलें नाहीं. बव्हेरियाच्या राजाच्या आश्रयाखालीं १८५८ सालीं ऐतिहासिक मंडळ स्थापन झालें, रांके त्याचे पहिले अध्यक्ष झाले, व साम्राज्यसभांचे कागद शुद्ध करून छापण्याचें काम त्या मंडळानें हातीं घेतलें. पहिला खंड १८६७ सालीं निघाला. तें काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे.

अध्यापक म्हणून रांके यांची कामगिरी ग्रंथांइतकीच मोठी आहे. व्याख्यानांत त्यांचा आवाज श्रोत्यांस नीट ऐकूं जात नसे असें सांगतात. परंतु निवडक विद्यार्थ्यांस घरीं बोलावून त्यांच्यापुढें मूळ लेख ठेवावा, प्रत्येकानें त्याची परीक्षा लिहून आणावी व ती सर्वांसमोर चर्चेस घालावी, असा त्यांचा परिपाठ होता. यांतूनच आजचें विद्यापीठांतील संशोधनवर्गाचें स्वरूप वाढीस लागलें. वाइट्स, गीझेब्रेख्ट, झीबल हे या वर्गांतले. वाइट्स पुढें जर्मनीच्या मध्ययुगीन साधनांच्या प्रचंड प्रकाशनाचे मुख्य झाले. झीबल यांनीं १८५९ सालीं इतिहासाचें प्रसिद्ध नियतकालिक काढिलें व पुढें ते प्रशियाच्या दप्तरखान्याचे प्रमुख झाले. १८७१ सालीं रांके यांनीं अध्यापन सोडलें. पुढें दृष्टि गेली, तरी लेखनिकांकडून वाचून घेऊन व त्यांस मजकूर सांगून त्यांनीं ऐंशीं वर्षांच्या वर वय झाल्यावर जगाचा इतिहास लिहिण्यास आरंभ केला. तो अपुरा टाकून ता. २३ मे १८८६ रोजीं बर्लिन येथें त्यांचें देहावसान झालें.

आतां त्यांच्या पद्धतीची मर्यादा पाहूं. कारण ज्यानें दुसऱ्याची परीक्षा केली त्याचीहि परीक्षा झाली पाहिजे, व ती पुढें झाली. पहिला मुद्दा वकिलांच्या निवेदनांचा. रांके यांनीं त्यांवर पुष्कळ भिस्त ठेविली. परंतु वकिलाचें निवेदन हें दरबारांत आपली चतुराई दाखविण्यासाठीं रचलेलें असे. कांहीं वर्णनें मागील वकिलाच्या निवेदनावरून घेतलेलीं असत. आणि रांके यांच्या हातांत बहुधा बाजारांत फिरलेल्या नकला होत्या. वकिलांनीं जागेवरून वेळोवेळीं धाडलेलीं पत्रें अधिक जवळची साक्ष देतात, हें पुढील संशोधकांनीं दाखविलें. शिवाय दरबारच्या कागदांत दरबारच दिसावयाचा. कुळवाडी, कारागीर व स्त्रिया यांचें जिणें त्यांत क्वचित् येतें. ही उणीव भरून काढण्यास विसाव्या शतकांतील इतिहासकारांस न्यायालयांचीं, चर्चचीं व गांवांचीं दप्तरें शोधावीं लागलीं.

दुसरा मुद्दा गुइच्चार्दिनीचा, व तो आमच्या मतें सर्वांत बोधप्रद आहे. १८५७ ते १८६७ या काळांत त्याच्या वंशजांनीं घरच्या दप्तरांतील त्याचे अप्रकाशित लेख दहा खंडांत छापविले. १९३१ सालीं रॉबेर्तो रिदोल्फी यांनीं त्या घराण्याच्या दप्तराची यादी प्रसिद्ध केली. या कागदांवरून असें दिसून आलें कीं, इतिहास लिहितांना गुइच्चार्दिनीजवळ फ्लॉरेन्सच्या परराष्ट्रखात्याचे अस्सल कागद होते, व त्यांचीं टिपणें करून त्यानें त्यांचा उपयोग केला होता. छापील ग्रंथांतून त्यानें मजकूर उचलला हा रांके यांचा शोध खोटा ठरला नाहीं. परंतु त्यावरून त्याच्या ग्रंथाची जी किंमत त्यांनीं ठरविली ती फार कमी होती, असें म्हणणें भाग आहे. रांके यांची पद्धत चुकली नव्हती. त्यांच्यापुढें छापील पुस्तकें तेवढीं होतीं, आणि घराण्याचें दप्तर कुलपांत होतें. पोपांच्या इतिहासाचेंहि असेंच झालें. तेरावा लिओ या पोपनें १८८१ सालीं व्हॅटिकनचें दप्तर संशोधकांस खुलें केलें. त्याच्या आधारानें लिहिलेल्या पास्तोर यांच्या पोपांच्या इतिहासाचा पहिला खंड १८८६ सालीं, म्हणजे रांके यांच्या मृत्यूच्याच वर्षीं, प्रसिद्ध झाला.

शेवटीं रांके यांच्या स्वतःच्या संग्रहाची हकीकत. प्रजासत्ताक बुडाल्यावर व्हेनिसच्या कुलीन घराण्यांचे ग्रंथसंग्रह विक्रीस निघाले होते, व त्या बाजारांतून रांके यांनीं हस्तलिखितें जमविलीं. या बाजारावर उगो तुच्ची यांचा १९९० सालीं छापलेला लेख संग्राहकांनीं अवश्य पाहण्यासारखा आहे. रांके यांच्या मरणानंतर त्यांच्या वारसांकडून सर्व संग्रह अमेरिकेंतील सिरॅक्यूज विद्यापीठासाठीं विकत घेण्यांत आला. रांके यांचे जुने विद्यार्थी चार्ल्स बेनेट यांनीं बोलणें जुळविलें, जॉन रीड यांनीं पैसा दिला, व संग्रह १८८८ सालीं समुद्रापलीकडे गेला. १८८९ सालीं त्यासाठीं स्वतंत्र इमारतहि उभी राहिली. परंतु त्यांतील चारशेंहून अधिक व्हेनिसच्या हस्तलिखितांची संपूर्ण वर्णनात्मक यादी एडवर्ड म्यूर यांनीं प्रसिद्ध केली ती १९८३ सालीं. म्हणजे संग्रह सुरक्षित जागीं पोंचल्यावरहि तो जगास नीट कळण्यास सुमारें पंचाण्णव वर्षें लागलीं.

यावरून आम्हांस संग्राहकांस जें सांगावयाचें तें थोडें आहे. कागद मिळतांच तो कोणाच्या घरून, कोणत्या रुमालांतून व कोणत्या कागदांच्या शेजारून आला, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. एकदां रुमाल फुटला म्हणजे हें पुन्हां कळत नाहीं. नक्कल असेल तर तसें स्पष्ट नोंदवावें, व कोणी कोणासाठीं केली याचा तपास करावा. आणि सर्वांत मुख्य म्हणजे आपल्याजवळ काय आहे याची यादी प्रसिद्ध करावी. कागद विकावा, द्यावा कीं घरींच ठेवावा, हा ज्याच्या त्याच्या इच्छेचा प्रश्न आहे. परंतु यादी कोणी अडवून धरूं नये. गुइच्चार्दिनीच्या ग्रंथाचा निवाडा रांके यांच्या हातून एकांगी झाला, कारण त्याचे घरचे कागद कोणास ठाऊक नव्हते. आपल्याकडील किती पुरुषांचे निवाडे असेच एखाद्या बंद पेटीमुळें अडून राहिले असतील, याचा विचार प्रत्येक संग्राहकानें आपल्या मनाशीं करावा, एवढीच आमची विनंति आहे.